मोठ्यानं फेडलेला नवस

मूर्खपणाला वयाची अट नसते. मी तो आजी झाल्यावर, चांगला सणासारखा केला. नातीला पोलिसांनी धरल्याची गोष्ट मीच आख्ख्या आळीला वडे वाढत सांगितली.

नात तेव्हा सोळा-सतराची. मैत्रिणीच्या मागे स्कूटरवर बसून जुईनगरला निघाली, आणि स्कूटर निघाली चोरीची. मैत्रिणीला ठाऊक होतं, हिला नाही. धरलं दोघींना. प्रकरण अल्पवयीन मुलांच्या कोर्टापुढे, बाल न्याय बोर्डापुढे गेलं आणि शेवटी तिथल्या मॅडमनी हिला सोडून दिलं. बाहेर आमचा वकील मला म्हणाला, "आजी, हे इथंच संपलं. कागदसुद्धा राहणार नाही. आता विषय काढू नका." मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार.

पण मी आमच्या शिरवणे गावच्या गावदेवीला नवस बोलून बसले होते. आणि सासूची शिकवण अशी की, नवस कशाचा ते देवीपुढे मोठ्यानं सांगितल्याशिवाय तो फिटत नाही. माझी साठी अजून यायची होती, अक्कल मात्र आधीच रिटायर झाली होती. ओटी भरली, कोंबडा दिला आणि घसा ताणून म्हटलं, "आये, माजी पोर पोलिसांच्या हातून सुटली." संध्याकाळी आळी जेवायला. एकीनं विचारलं, "कशापायी धरली व्हती गो?" मी वडे वाढता वाढता सगळं सांगितलं. थाट असा, जशी मीच तिची वकील.

नात जेवायला बसली नाही. मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

पुढे तिनं वकिलीच्या कॉलेजचा फॉर्म भरायला घेतला. चौकीतल्या बाकावरच तिनं ते ठरवलं होतं म्हणे. फॉर्मात प्रश्न होता, कधी अटक झाली आहे का. तोच वकील फोनवर म्हणाला, "अल्पवयातलं आहे, कायद्यानं पुसलंय. बिनधास्त 'नाही' लिही." तिनं फोन ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आपल्या आळीतली एक सून त्या कॉलेजच्या ऑफिसात आहे. तुझे वडे जेवून गेलीये ती. मी 'नाही' लिहिलं तर खोटारडी ठरेन."

तिनं 'हो' लिहिलं. खाली सगळा खुलासा केला. मुलाखतीत तिला त्याशिवाय फारसं काही विचारलंच नाही.

यादी लागली. तिचं नाव नव्हतं. कारण कोणी सांगत नाही. मार्क कमी पडले असतील, असं मी सगळ्यांना सांगते. कोणाला पटत नाही, मलाही नाही.

त्या दिवशी ती माझ्याकडे आली. चहा केला, तो तिच्यापुढे गार झाला. गप्प बसणं मला कुठलं जमायला. म्हटलं, "पुढच्या वर्षी परत भर. मी देवीला नवस बोलते." बोलले आणि जीभ चावली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं कप धुऊन पालथा घातला, दारात चपला पायात सरकवल्या आणि म्हणाली,

"बोल ना आजी, नवस बोल. पण तो कशाचा, ते लोकांना मी सांगेन. मला सांगायचं असलं तर."