भुसेमामांची बरणी

भुसेमामांचं आडनाव भुसे नव्हतं. प्रयोगशाळेत तीस वर्षं गव्हाचा भुसा आणायचा, भिजवायचा, ट्रेमध्ये पसरायचा आणि त्यावर बुरशी पेरायची, एवढंच काम केल्यावर माणसाचं दुसरं काय नाव पडणार? हजेरीपटावर खरं नाव होतं, पण हजेरी घेणारा कारकूनही हाक भुसेमामा अशीच मारायचा.

ती बुरशीसुद्धा मामांनीच आणलेली. गोदामामागच्या कुजक्या ढिगात एक हिरवा चट्टा भुशाचा पार लगदा करत होता. मामांनी तो चमच्याने खरवडून बाईंपुढे ठेवला. बाई म्हणजे तेव्हाच्या प्रमुख. शेतातला काडीकचरा पचवणारं एन्झाइम बुरशीकडून काढून घ्यायचं आणि त्या कचऱ्याची साखर करायची, हा त्यांचा ध्यास. ट्रेमधला भुसा पिळून निघालेल्या तपकिरी पाण्यात त्यांनी सकाळी फिल्टर पेपरची पट्टी सोडली; कागद काडीच्याच जातीचा, तो पचला तर काडीही पचणार. दुपारच्या जेवणाआधी ती विरघळली होती. बाईंनी शोधनिबंध लिहिला. त्यात मामांचं नाव कुठेच नव्हतं, पण बाईंनी त्या दिवशी स्वतःच्या हाताने त्यांना चहा करून दिला आणि मामा तेवढ्यावर वीस वर्षं खूश राहिले. माणूसच तसा स्वस्तातला.

“हिचे लाड करायचे नाहीत,” बाई सांगायच्या. “गोडधोड मिळालं की ही गुबगुबीत होते आणि काम विसरते. भुशावर ठेवा. पोट भरायची पंचाईत झाली तरच एन्झाइम सोडते.” म्हणून मामा दर महिन्याला काचेच्या एका बरणीत ताजा भुसा घालून ती पुढे वाढवत. फ्रीजमधल्या नळ्यांतही तीच बुरशी होती, पण ती गोड जेलीवर पोसून पोसून आळशी झालेली. हे बाईंना माहीत होतं आणि मामांना. बाकी कोणी विचारायच्या भानगडीत पडलं नव्हतं.

निवृत्त होताना बाईंनी ती बरणी मामांच्या हातात दिली. “एवढी जगवा.”

“मी आहे ना, बाई.”

बाई दूर लेकीकडे राहायला गेल्या. त्यांची नजर अधू होत गेली, पण दर रविवारी सकाळी फोन यायचाच. आधी घरच्यांची चौकशी, मग मुद्द्याचं. “पट्टी विरघळते का अजून?”

“जेवायच्या आत, बाई.”

त्यांच्या जागी आलेले नवे साहेब घोड्यावर बसूनच आले. महिन्याभरात एका कंपनीची माणसं प्रात्यक्षिक बघायला येणार होती. बैठकीत मामा मागून म्हणाले, “साहेब, फ्रीजमधल्या नळ्या घेऊ नका. त्या आता...”

“मामा, तुम्ही भांडी घासा,” साहेब म्हणाले. “बुरशीचं आम्ही बघतो.”

सगळे हसले. मामांची कानशिलं तापली. आता विचारल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. नाक दाबलं की तोंड उघडतं. येतील झक मारत.

दोन दिवसांनी साफसफाई निघाली. साहेबांनी स्वतः कपाट उघडलं आणि बरणी बाहेर काढली. बाहेरून चिकट, आतून हिरवीगार, वर साधी चिठ्ठीही नाही. “मामा, ही घाण कसली?”

विचारलं होतं की. मामांनी सांगायला हवं होतं. पण त्या शब्दाने त्यांचं डोकं फिरलं.

“घाणच आहे, साहेब.”

“मग टाका ऑटोक्लेव्हमध्ये.”

ऑटोक्लेव्ह म्हणजे प्रयोगशाळेचा मोठा प्रेशर कुकर. त्यातून जिवंत काही बाहेर येत नाही. मामांनी आपल्याच हाताने झाकण आवळलं. वाफ कोंडायला दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांत त्यांचा हात दोनदा बंद करायच्या बटणाकडे गेला आणि दोनदा परत खिशात आला. साहेब पुन्हा येतील, विचारतील, असं त्यांना वाटत होतं. साहेब खाली जाऊन फोनवर बोलत होते.

प्रात्यक्षिकात पट्टी संध्याकाळपर्यंत जशीच्या तशी राहिली. पाहुणे चहा पिऊन गेले. साहेब धावत आले. “मामा, जुन्यापैकी काही उरलंय का?”

“तुम्हीच टाकायला सांगितलंत.” हे वाक्य मामांनी महिनाभर घोकलं होतं. म्हणून झाल्यावर मात्र त्यांना जराही बरं वाटलं नाही. साहेबांचं काय बिघडलं? सहा महिन्यांत ते दुसऱ्या प्रकल्पावर गेले, तेही वरच्या पदावर. मामा गोदामामागे ढीग शोधायला गेले, तर तिथे फरशी घालून गाड्या लावायची जागा केली होती.

“आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायला गेलात,” बायको म्हणाली. “आणि त्याला तो झालाही नाही.”

रविवारचा फोन चालूच राहिला. “विरघळते का?” “जेवायच्या आत, बाई.” असं वर्षभर. मग एका रविवारी बाई म्हणाल्या, “मामा, आता मला काहीच दिसत नाही. थोडी पाठवता का? हातात तरी घेते.”

मामांनी फ्रीजमधली नळी काढली, भुशावर पेरली आणि वर हिरवा थर धरल्यावर बरणी बांधून पाठवली. दिसत तर नाही त्यांना, अशी मनाची समजूत घातली.

पुढच्या रविवारी फोन आला. “बरणी मिळाली,” बाई म्हणाल्या. “मामा, काड्या अजून टोचतायत हाताला. हिने काही खाल्लेलंच नाही. ही आपली नाही.”

मामांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आपली कधी गेली?”

“वर्ष झालं.”

“कशाने?”

“नव्या साहेबांनी ऑटोक्लेव्हमध्ये टाकायला लावली,” मामा घाईघाईने म्हणाले.

“त्यांना कुठे माहीत होतं,” बाई म्हणाल्या. “तुम्ही होतात ना तिथे?”

“होतो.”

बाईंनी फोन ठेवला. पुढचे कितीतरी रविवार मामा सकाळी फोनजवळ बसून राहिले. तो वाजला नाही.