सात नंबरचा पडदा

प्लांटच्या टाइम ऑफिसातून मला कॉम्प्युटर सेक्शनला पाठवलं तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. तिथल्या साहेबांनी पहिल्याच दिवशी हिंदीत बजावलं, सहा महिने पाहू, नाही जमलं तर परत हजेरीची कार्डं. ती कार्डं मला जन्मात पुन्हा बघायची नव्हती.

खोलीत बारा टर्मिनल. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड; डोकं सगळं आतल्या मशीनला. प्रत्येकाची वायर भिंतीवरच्या एकेका नंबराच्या सीरियल पोर्टात, म्हणजे खोबणीत, जायची. मशीन चालवणाऱ्या युनिक्स प्रणालीच्या लेखी ते पोर्ट म्हणजे एक फाइल. त्या फाइलीत ओळ लिहिली की ती त्या पडद्यावर उमटते. एवढं कळलं आणि बाईंनी, म्हणजे मीच, मॅन्युअल मिटलं.

खिडकीपाशी माझी मैत्रीण बसायची. सेक्शनमध्ये मराठी आम्ही दोघीच, असा माझा समज. तिची वायर सात नंबरच्या पोर्टात, म्हणून तिच्या सेटच्या कपाळावर मी खडूनं सात लिहिलं आणि दिवसभर तिला कुचाळक्या पाठवत राहिले, रोमन अक्षरांतून, पण मराठीत. कोणाला काय कळते!

मे महिन्यात कूलर आला. टेबलं त्याच्याकडे सरकली, वायरी पुरेनात, मग ज्याला जे पोर्ट जवळ पडलं त्यात त्याची वायर खोचली. मी हे उभ्यानं पाहिलं. नंबर पोर्टाचा असतो, सेटचा नसतो, हे तरीही डोक्यात शिरलं नाही. कोण कुठल्या नंबरावर बसलंय, हे मशीनला विचारता येत होतं. पण विचारणं म्हणजे कमीपणा.

जेवण झाल्यावर सातवर ओळ टाकली: साहेबाच्या डब्यात आज बी मुळाच हाय, खिडकी उघड वं.

मैत्रीण जागची हलेना. मी हळूच विचारलं, "कावून वं, आलं नाही का?"

"मले? काहीच नाही."

कोपऱ्यातल्या टेबलावरून साहेब उठले; सातची वायर आता त्यांच्या पडद्याची होती. ओळीखाली नाव नव्हतं, पण कुजबुजत होते मीच.

"बाई, खिडकी तुमीच उघडा न. वास तुमाले येऊन राहिला."

अस्सल भंडाऱ्याकडची बोली. चार महिने मी या माणसाशी मोडकं हिंदी बोलत होते.

"सर, परत टाइम ऑफिस का?"

"त्यांनी काय पाप केलं? टेबलाखाली जा. कोणती वायर कोणत्या पोर्टात जाते, लिहून आणा."

दोन दिवस लुगडं खोचून, टॉर्च घेऊन खाली रांगले. एक तार पाठवते, एक ऐकते, दोन्हीकडचा वेग जुळला नाही तर पडद्यावर नुसता कचरा, हे तिथंच शिकले. तक्ता भिंतीवर लागला. तो वाचता येणारी मी एकटीच, म्हणून सहा महिन्यांनंतरही कोणी मला हलवलं नाही.

बाकीचे मात्र त्या दिवसापासून सकाळी बसले की आधी मशीनला सांगून आपला पडदा दुसऱ्यांच्या ओळींना बंद करायचे. माझा उघडाच होता. थंडीत एकदा त्यावर बिननावाची ओळ आली: आज मेथी हाय. खिडकी राहू द्या.