पिझ्झ्याचं वाक्य

मेडशीहून एसटीनं मी वाशीमला इंग्रजीच्या क्लासला जायची. सर फळ्यावर नवे शब्द लिहायचे आणि आम्ही त्यांची वाक्यं करायची. ‘डिलिशस’ म्हणजे चविष्ट. मी लिहिलं, माझ्या आईच्या हातची तुरीच्या सोल्यांची भाजी डिलिशस असते. सरांनी ते खोडलं.

“असं गावठी काहून लिहून राह्यली? पिझ्झ्यावर लिही. सगळ्यायनं तेच लिहिलं.”

“पण सर, मी पिझ्झा खाल्लाच नाही.”

“मंग काय झालं? त्यायनं तरी कुठी खाल्ला?”

माझं डोकंच फिरलं. पुढचा शब्द होता ‘रिफ्यूज’, म्हणजे नकार देणं. मी इंग्रजीत लिहिलं, जे मी कधी चाखलं नाही, त्याला चविष्ट म्हणायला मी नकार देते. वही सरांच्या टेबलावर आपटली.

“आता हे खोडून दाखवा, सर.”