तिला मिळालेली दुसरी भुजली

"मंग? पुढं काय झालं?" हनुवटी गुडघ्यांवर टेकवून ती असं विचारायची आणि मी चुलीवरचं आधण विसरून जायचे. तुमच्याही गल्लीत असं एखादं पोर असेल, ज्याच्यापुढं आपण नको ते सगळं सांगून बसतो. आमच्या कामठा गावात ती समोरच्या घरची. माझ्या लग्नाची बैलगाडी धानाच्या बांधीतल्या चिखलात कशी फसली, हे घरच्यांनी इतक्यांदा ऐकलंय की मी तोंड उघडलं की सून टीव्हीचा आवाज वाढवते. ही मात्र दर वेळी नव्यानं हसायची. वर मध्येच, "बैल कोणत्या रंगाचे होते?"

तिचं नाव मी इथं लिहिणार नाही. आमच्याकडं राखीच्या आधी टोपलीत गहू पेरून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात. पिवळी रोपं निघतात, ती भुजली. राखी झाली की टोपल्या तळ्यात शिरवायच्या, म्हणजे विसर्जन करायच्या. तिथं दोघींनी एकमेकींच्या कानावर भुजली खोचली की त्या जन्माच्या सया. मग नावानं हाक मारायची नाही, 'भुजली' म्हणायचं. याला भुजली बदणं म्हणतात. बरोबरीच्या पोरी बदतात हो. ही चौथीत होती, मैत्रिणी सोडून माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "वाक ना, तुझ्या कानापर्यंत हात नाही पुरून राहिला." बाया हसल्या, "काय वो, म्हातारपणी सई भेटली!" मी वाकले.

तर अशी माझी भुजली मोठी होऊन जर्मनीला गेली, पाणी शुद्ध करण्याचं शिकायला. गोंदिया स्टेशनवर सगळे रडत होते, ती माझ्या कानात म्हणाली, "बैलांची गोष्ट दुसऱ्या कोणाले सांगू नको." नाही सांगितली. ऐकणार तरी कोण होतं!

रविवारी तिचा फोन यायचा. आधी छत दिसायचं, मग कपाळ, मग ती.

"इथं रविवारी मिक्सर लावला तं खालची घरमालकीण वर येते. काचेची बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, आवाज होते. कोणाकडं जायचं तं आधी विचारायचं."

"मंग तू काय करून राहिली?"

"बसून राहिली." एकदा म्हणाली, "आज दुकानात टमाटरासोबत बोलली मी. आपल्या बोलीत. सकाळपासून तोंडच उघडलं नव्हतं ना."

मी हसले. फोन ठेवल्यावर मला जेवण गेलं नाही.

मग ती घरमालकीण आली गोष्टीत. एकटी राहणारी म्हातारी. मिक्सरवरून ओरडायला वर आली आणि चटणी चाखून खाली गेली. दुसऱ्या दिवशी सफरचंदाचा केक घेऊन पुन्हा वर. तिथून पुढं दर रविवारी तिचंच पुराण. "भुजली, माहीत आहे? लग्नाच्या दिवशी तिच्या नवऱ्याची मोटरसायकल बर्फात फसली होती! डिट्टो तुझे बैल!"

"रंग विचारला का मोटरसायकलचा?"

"विचारला ना. लाल."

बैलांचा रंग विचारणारी पोर आता मोटरसायकलचा रंग विचारून राहिली होती. कोणाची गोष्ट जास्त चांगली, हे माझ्या जिभेवर आलं होतं, पण या वयात असं विचारायची लाज वाटली.

यंदा राखीनंतर फोन आला तर छत नाही, सरळ ताटली. ताटलीत पिवळी रोपं. "भुजली, कपाटात उगवली!" माझं काळीज सुपाएवढं झालं. तेवढ्यात म्हणाली, "आणि मी बदली पण. खालच्या आजीसोबत."

छातीत कोणी मिरची वाटावी तसं झालं मला. "तिनं तुझ्या कानावर खोचली?"

"मी तिच्या कानावर खोचली. तिच्या हातात दिली ती... खाऊन टाकली तिनं. तिले वाटलं, सलाद आहे."

मी इतकी खूश झाले की विचारू नका. "मंग काही बदली नाही! एकीच्या कानावर अन् एकीच्या पोटात, असं चालत नाही."

"काऊन नाही चालत?"

"रीत आहे."

तिनं ताटली खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "मले ताप आला होता तेव्हा तीच सूप घेऊन वर येत होती. घरी कोणाले सांगितलं नाही मी. तू म्हणशील तेच खरं. नाही म्हणशील तं मी तिले भुजली म्हणणार नाही. पण इथं मले कोणीतरी पाहिजे ना वो."

घरी कोणाला सांगितलं नाही. म्हणजे मलाही नाही. हे त्या खाल्लेल्या भुजलीपेक्षा जास्त लागलं मला. पण तापलेल्या पोरीला मी इथून काय देणार होते, मोबाईलच्या काचेवर हात ठेवून?

"रोपं उरली का?"

"उरली."

"मंग जा खाली. आताच जा. तिच्या हातानं आपल्या कानावर खोचून घे. खाऊ नको म्हण तिले. अन् ऐक, थोरली भुजली मी. हे तिच्या भाषेत चांगलं समजावून सांग."

"सांगते!" म्हणून ती पळाली. फोन तसाच टेबलावर टेकवलेला, दार उघडंच. रिकामी खुर्ची दिसत होती, पाठीवर तिची ओढणी. जिन्यावर पावलं वाजली. मग खालून एक चिरका, म्हातारा आवाज आला, मग हिचा. ती परकी बाई माझा 'भुजली' हा शब्द म्हणून पाहत होती, चुकत होती, पुन्हा म्हणत होती. आणि दोघी हसत होत्या.

सून म्हणाली, "तिकडं कोणीच नाही आई, बंद करू का?"

"राहू दे," म्हटलं.

हसणं थांबलं की ती वर येईल, म्हणून मी त्या खुर्चीकडं पाहत बसले. पण ते काही लवकर थांबलं नाही.