लाल चौकटीतली शांतता

धाकटा भाऊ पुण्याहून मोहाडीच्या घरी राहायला आला, तेव्हा कंपनीने त्याला कायमचं घरून काम करायची मुभा दिली होती. माडीवरची खोली त्याला मिळाली, कारण नेट तिथेच नीट चालतं. मी त्याच्या कितीतरी आधीपासून नागपूरच्या एका दैनिकासाठी उपसंपादनाचं काम याच घरातून करत होते. ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर चालायचं. बातम्या मेलवर येत, दुरुस्त होऊन मेलवरच परत जात. शेजारी कुकर शिट्ट्या देत असे.

भावाकडे साधनं भरपूर होती. सगळ्यांच्या कामांचा एक ऑनलाइन फळा होता. काम संपलं की त्याची चिठ्ठी सरकून पुढच्या रकान्यात जाई. एकाच मजकुरावर चार गावची चार माणसं एकदम लिहीत, आणि कोण कुठे खोडतंय ते ज्याच्या त्याच्या नावासह दिसे. व्हिडिओ कॉलमध्ये पाठीमागची धानाची पोती धूसर करण्याचीही सोय होती. यातलं बरंच मी त्याच्याकडून शिकले आणि ते उपयोगी पडलं. सामायिक मजकुरावर काम सुरू केल्यापासून दैनिकाच्या डेस्कवरून येणारे फोन निम्म्यावर आले.

या साधनांचा मला हेवा वाटला नाही. हेवा वाटला तो कॅलेंडरचा.

भावाने आपलं कॅलेंडर एका जुन्या मोबाइलवर उघडून तो मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला. मीटिंग असेल त्या वेळेवर लाल चौकट येई. आईला इंग्रजी वाचता येत नाही, पण घड्याळ आणि रंग कळतात. लाल चौकट लागण्याआधी मिक्सर फिरवून व्हायचा, ती संपल्यावर कुकर चढायचा. भाजीवाल्याला आई दारातूनच हाताने गप्प करायची.

एकदा मी म्हटलं, "आई, मी काम करत होते तेव्हा तर कुकर चालायचा."

"तुले आवाजानं काय होते? तू तं लिवतेस. थो बोलते."

"त्याच्याकडे आवाज गाळणारं ॲप आहे. कुकर समोरच्याला ऐकूच जात नाही."

"ॲपचा काय भरोसा, बाई?"

तेच ॲप माझ्याही लॅपटॉपवर होतं.  पान लावताना शिट्टी झाली की वर माडीकडे नजर जायची.

मग दैनिकात कायम उपसंपादकाची एक जागा निघाली. काम घरूनच करायचं होतं. तोवर मला पानामागे मानधन मिळत होतं. ही जागा मिळाली नाही तर तेही बंद होणार होतं. मुलाखत व्हिडिओवर होती. आईला निकाल लागल्यावरच सांगायचं, असं मी ठरवलं.

"ताई, तू वरच बस. त्या दिवशी माझी सुट्टी आहे," भाऊ म्हणाला. "आणि कॅलेंडरवर टाकून दे."

मी टाकलं. चौकट लालच उमटली.

मुलाखत सुरू झाली आणि शेजारच्या खळ्यावर धान मळायचं मशीन सुरू झालं. संपादकांनी विचारलं होतं, घरातल्या व्यापात पानाची वेळ कशी सांभाळाल? मी उत्तर सुरू केलं, पण माझेच शब्द मला ऐकू येईनात. ॲप चालू होतं. त्याचा भरोसा मलाही वाटेना.

तेवढ्यात मशीन थांबलं. खिडकीखालून बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

"जरासक बंद ठेवा ना भाऊजी. घरी लाल लागून हाय."

"लाल? तुमच्या घरी काय सिग्नल बसवला का वो वहिनी?"

"पोराची मीटिंग हाय."

मजूर हसले. शेजारचे काका म्हणाले, "मंग कलेक्टरच झाला म्हना तुमचा पोरगा!" पण मशीन बंद राहिलं.

त्या शांततेत मी उत्तर पूर्ण केलं. पुढची सगळी उत्तरंही नीट झाली.

खाली आले तेव्हा भाऊ मागच्या खोलीतून डोळे चोळत येत होता. आईने त्याला विचारलं, "झाली का बापा मीटिंग?"

"माझी कुठे? मी झोपलो होतो. ताईची मुलाखत होती."

आईने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग मले सांगाव नाई?" एवढंच म्हणून ती कुकर चढवायला वळली. सांगितलं असतं तर ती खळ्यापर्यंत गेली असती का, हे मी विचारलं नाही.

जागा मला मिळाली. आईने शेजारी पेढे वाटले. संध्याकाळी भाऊ मिठाच्या बरणीजवळचा मोबाइल घेऊन बसला. "ताई, तुझ्या कामाला हिरवा रंग देतो. म्हणजे आईला कळेल, कोणती मीटिंग कोणाची ते."

मी त्याच्या हातातून मोबाइल घेतला आणि परत बरणीला टेकवून ठेवला.

"नको," मी म्हटलं. "लालच राहू दे."