बाबांनी आज डॉक्टरांना विचारलेला प्रश्न

मित्रमैत्रिणींनो, आज दुपारी मुलुंडला कानाच्या डॉक्टरांकडे गेले होते. मला डाव्या कानाने लहानपणापासून नीट ऐकू येत नाही. या वेळी बाबा हट्टाने सोबत आले. एरवी माझ्या कानाचा विषय निघाला की ते उठून बाहेर जातात. मला वाटायचं, त्यांना लाज वाटते.

डॉक्टरांनी स्कॅन दाखवला. "पडद्यामागची ही छोटी हाडं आईच्या पोटातच नीट तयार झालेली नाहीत. चेहऱ्याची नसही जागा सोडून नेमकी तिथूनच गेलीय. ऑपरेशनमध्ये तिला धक्का लागला तर चेहरा वाकडा होऊ शकतो. त्यापेक्षा मशीन लावा, चांगलं ऐकू येईल."

मी मशीनबद्दल विचारणार, इतक्यात बाबा म्हणाले, "डॉक्टर, ही सात वर्षांची असताना मी हिच्या कानाखाली वाजवली होती. महिन्याभराने शाळेतल्या तपासणीत कळलं, ऐकू कमी येतं म्हणून. त्याने तर नाय ना झालं?"

मी बघतच राहिले. मला ती थप्पड आठवतसुद्धा नव्हती.

"नाही हो काका. हे जन्मापासूनचं आहे."

"नक्की ना?"

"अगदी नक्की."

बाबांनी चष्मा काढून रुमाल डोळ्यांना लावला. मी त्यांचा हात धरला. सत्तावीस वर्षं हा माणूस हे एकट्याने सोसत होता, आणि आम्ही एकाच घरात राहतो.

तुमच्या घरातही कुणी एखाद्या विषयावर असंच गप्प होतं का? कधी विचारलंत, का ते?