मी पातळ केलेला चीक

मला वाटलं होतं, परदेशात एन्झाइमवर पीएचडी करून नागपुरात परतले की लोक मला प्रथिनांबद्दल विचारतील. पहिल्या आठवड्यात विचारलं ते एवढंच, की तिकडे तुरीची डाळ मिळते का.

मग कोणी न विचारताच मी शिकवायला निघाले. त्यात जो घोळ घातला, तो चहा निवायच्या आत सांगून टाकते.

चुलतबहीण मीनलचं लग्न होतं. रुखवतात कुरडया हव्यात, त्याही पांढऱ्याशुभ्र, कारण सासरच्या बायका एकेक उचलून बघणार. मीनलची आई, म्हणजे आमची मोठीआई, हिने गहू भिजत घातले. ते तीन दिवस आंबू द्यायचे, मग वाटून, गाळून त्यांचं सत्त्व काढायचं आणि शिजवून चीक करायचा. वास म्हणाल तर गल्लीच्या टोकापर्यंत.

ती पत्रिका वाटायला भिवापूरला गेली. जाताना म्हणाली, "गव्हाकडे लक्ष दे वं."

नसतं दिलं तर किती बरं झालं असतं! दुसऱ्याच दिवशी मला त्या वासात जंतू दिसले. पाणी ओतून दिलं, गहू धुतले, ओल्या फडक्यात बांधले. मोड आले की पोषण वाढतं, हो की नाही? उन्हाळ्यात दोन दिवसांत असे टरारून मोड आले की मी फोटो काढले.

मोठीआई आली, एकेक मोड चिमटीत धरून बघू लागली. मी तिला पोषणावर अर्धा तास ऐकवलं. "बरं बाई. शिकलेली पोरगी सांगते तं करू," ती म्हणाली.

शेजारच्या शेवंताकाकू चीक हाटायला आल्या. मोडाचे गहू वाटून, गाळून सत्त्व काढलं; अर्धं कढईत, अर्धं बादलीत. "आच मंद ठेवा," मी आणखी एक सल्ला दिला. काकू हाटतायत, हाटतायत, आणि चीक आपला ताकासारखा.

"काहून पातळ होऊन राहिलं हे?" मोठीआई म्हणाली.

"अजून थोडा वेळ."

काकूंनी बोट चाटलं. "गोड लागून राहिलं वं. साखर टाकली का तू?"

गोड म्हटल्याबरोबर मला गुन्हेगार सापडला. मोड आलेल्या गव्हात एक एन्झाइम तयार होतं. चीक ज्यांच्यामुळे घट्ट होतो, त्या पिष्टाच्या लांब साखळ्या ते कात्रीसारखं तोडतं आणि त्यांची साखर करतं. मंद आच तर त्याला फारच मानवते. मी त्याला पाट मांडून जेवायला बसवलं होतं. आणि हे एन्झाइम कोणतं? अहो, ज्यावर मी पीएचडी केली, तेच. तिकडे ते बाटलीतून पावडर होऊन यायचं. गव्हात आमची कधी भेटच झाली नव्हती.

"ताई," दारातून मीनल म्हणाली, "मग रुखवतात काय ठेवू? तुझी डिग्री?"

बादलीतलं सत्त्व तेवढं उरलं होतं. मी डोकं धरून बसले, आणि तेच डोकं चाललं. एन्झाइम म्हणजे प्रथिनाची घडी घातलेली साखळी. ती घडी नाजूक बंधांवर टिकते. आंबट आणि कडक उष्णता मिळून ते बंध सोडवतात, आणि घडी उलगडली की कात्री बोथट.

"बादलीत लिंबं पिळा. दुसऱ्या कढईत आधण खळखळू द्या. सत्त्व बारीक धारेनं सोडा," मी सेनापतीसारखी सुटले.

काकू हाटू लागल्या. कढईत बुडबुडे जड झाले. चीक घट्ट झाला, चकाकला, हाताला ओढ देऊ लागला. मी अंगणात अक्षरशः नाचले. कुरडया घालायला जमलेल्या साऱ्या बायकांना बंध, घडी, कात्री, सगळं समजावलं, आणि सोऱ्या दाबता दाबता त्यांनी ते मन लावून ऐकलं. इतका चांगला वर्ग मला तिकडेही मिळाला नव्हता.

"म्हंजे आंबट झालं की ते कात्री मरते?" शेवंताकाकूंनी विचारलं.

"हाव, काकू."

"म्हणून तं आंबवतो ना वं आम्ही. तू तेच पाणी फेकलं. हे समजाले किती वर्षं लागली तुले?"

"पाच."

"आन् आज लिंबं पिळून तिथंच आली."

निम्म्या कुरडया झाल्या, अगदी पांढऱ्याशुभ्र. निम्म्या अजून बाकी होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तेव्हा माझं ठरलं होतं. इतवारीच्या बाजारातून नवे गहू आणले आणि थेट शेवंताकाकूंच्या दारात जाऊन बसले. म्हटलं, ॲडमिशन पाहिजे.

"आधी कुठं शिकली?" काकूंनी विचारलं.

"कुठंच नाही," मी म्हटलं.